दोन बैठका

वडिलांनी गळ्यातली टेप काढली, गुडघे टेकून खाली बसले आणि तिच्या टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत माप घेतलं.

"सतरा. ताठ बस, वाकलीस की माप खोटं येतं."

"बाबा, बाक शिवायचा नाहीये, ठोकायचाय."

"बसणार माणूसच ना त्याच्यावर? मग माप माणसाचंच."

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि गाडीमागे जोडायची ही जुनी कॅरॅव्हॅन घेतली. आतल्या जेवायच्या जागेत चौघांचा बाक होता, गळतीचं पाणी मुरून कुजलेला. तो उचकटून तिथे समोरासमोर दोन बैठका आणि मधे भिंतीवर मिटणारं टेबल, असा बेत होता. एक बैठक त्यांची, एक तिची. महिन्याभराने निघून सहा आठवडे किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. ती फक्त 'बघू' म्हणाली होती. त्यांनी ते हो धरलं होतं.

तिने त्या दोन बैठकांमधल्या अंतराकडे पाहिलं. जेमतेम दोन हात. सहा आठवडे. आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती आली होती.

टेबलाची फळी बसवायला घेतली तर ती आत जाईना. दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त. तिने फळी उभी धरली आणि कडेच्या खडूच्या दोन समांतर रेघा पाहिल्या.

"शिलाईसाठी माया सोडलीत?"

त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला.

"हात गेला तसा."

"प्लायवूडची कड आत दुमडून टीप मारता येत नाही, बाबा."

"गिऱ्हाईक पुढेमागे जाड झालं तर?" असं म्हणून ते स्वतःच हसायला लागले, पालथ्या बादलीवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बाहीने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "रजेचं झालं का?"

"होतंय," ती म्हणाली आणि करवत उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला येणारा प्रत्येकजण फिरून फिरून तेच बोले. बापलेकीची सफर राहिली. बिचारी रजा काढून बसली होती. कोणी पाठीवर हात ठेवला की ती मान हलवी. रविवारी मात्र कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन उरलेलं काम करी. फळी बसवली, बिजागऱ्या लावल्या, त्यांच्या बैठकीला पाठ बसवली.

तिसऱ्या रविवारी आत्या थर्मास घेऊन आली. त्याच बैठकीवर टेकली, इकडेतिकडे हात फिरवून पाहिला.

"बरं जमलंय गं. दादाला वाटायचं, तुला खिळा धरता येत नाही."

"त्यांनाही येत नव्हता."

आत्या हसली, मग तिने नाक पुसलं.

"रोज फोन करायचा मला. म्हणायचा, 'पोरगी आपणहून येतेय. मी विचारलंसुद्धा नाही, तीच म्हणाली, बाबा, मी येते.' दहादा ऐकवलं असेल. नशीब लागतं. नाहीतर आमचा मुलगा! आईला दवाखान्यात न्यायचं तरी घड्याळ बघतो."

ती बिजागरीतला स्क्रू फिरवत होती. तो केव्हाच घट्ट बसला होता.

"पुढच्या रविवारी दादाच्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत ना, तेव्हा मी हेच सांगणार आहे. चार लोकांना कळू दे, मूल कसं असावं."

तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि समोरच्या बैठकीवर बसली. आत्याचा चेहरा आता दोन हातांवर होता.

"नको सांगूस, आत्या. मी रजा मागितलीच नव्हती. मला बाबांबरोबर जायचं नव्हतं."