बिनसिमेंटची वाटी

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. पण मला फडताळात शोधू नका. मी एका माणसाच्या खुब्यात राहते. टायटॅनियमची आहे. आत प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर, बाहेरून खरबरीत, बारीक बारीक भोकांची. आमच्या जेजू बेटावरच्या काळ्या दगडासारखीच.

माझा माणूस बु मान-सू. शेताच्या भिंती रचणारा गवंडी. इथल्या भिंतींना सिमेंट नसतं, चिखलही नसतो. दगडावर दगड ठेवायचा. मधल्या फटींतून वारा निघून जातो आणि भिंत उभी राहते. रचून झाली की एक टोक धरून हलवायची. सगळी भिंत एकदम डुलली तर काम पक्कं. ही इथली रीत.

बासष्टाव्या वर्षी त्याचा खुबा पार झिजला. डॉक्टर मून बाईंनी मला सीलबंद पाकिटातच त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, सिमेंट लावणार नाही, तुमचं हाडच हिच्या भोकांत वाढेल आणि हिला धरून ठेवेल. तो खूश. "म्हणजे आमच्यातलीच की ही," म्हणाला.

ऑपरेशनला त्याला फक्त कमरेखाली बधिर केलं होतं. हाडात खोबण माझ्यापेक्षा किंचित लहान कोरली आणि मला ठोकून बसवलं. ठक, ठक, ठक. मग आवाज एकदम जड झाला. पडद्यापलीकडून हा अर्धवट गुंगीतच बोलला, "बसला दगड."

मग अंधार. ऊबदार, ओला. हाडाचे कोवळे कोंब माझ्या भोकांशी यायचे, चाचपायचे, हळूच आत शिरायचे. लांब काहीतरी घुमायचं. समुद्र होता की त्याचं रक्त, मला कधी कळलंच नाही. मी स्वप्नात असल्यासारखी पडून होते. सहा आठवडे कुबड्या, त्या पायावर पूर्ण भार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

चौथ्या आठवड्यात वादळ आलं. शेजारची भिंत पडली. ती उभी करायला याचे हात शिवशिवायला लागले. मी पक्की बसले का ते बघायला त्याने संत्र्यांच्या बागेत कुबड्या टाकल्या, त्याच पायावर उभा राहिला आणि स्वतःला गदागदा हलवलं. कोंब तुटले. मला ऐकू आलं.

त्याची बायको ओक-सुन टोपली टाकून धावली.

"काय चाललंय?"

"बघतोय, पक्की बसली का."

"ओ आजोबा, कुल्ला आहे तो तुमचा. शेताचा बांध नाही."

एक्स-रेमध्ये माझ्याभोवती बारीक काळी रेघ दिसली. तिथे हाड नव्हतं. ती भरली नाही तर मला काढायचं, आणि त्याने परत कधी दगड उचलायचा नाही. मून बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिला थर लावला की भिंत हलवून बघता का हो?"

"छे. पडेल की ती."

"मग?"

त्याने बायकोकडे हात पुढे केला. मग म्हणाला, "ओक-सुन, कुबड्या दे."

तीन महिने तो ओसरीवर बसून होता. ती पडलेली भिंत दुसऱ्यांनी रचली, तीही वाकडी. त्याने मान फिरवली, पण उठला नाही. आणि कोंब परत आले. आधी घाबरत, मग झुंडीने. पुढच्या फोटोत रेघ नव्हती.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. त्याने खूप भिंती रचल्या. आता माझं अस्तर झिजतंय. दुखत नाही म्हणून तो दरवर्षी तपासणी टाळायला बघतो, ओक-सुन कॉलर धरून नेते. बरं करते. झिजलेल्या अस्तराची बारीक भुकटी हाड खाते, आणि ते खाताना काही दुखत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं कुबड्या घेऊन बसलं असेल तर "उठा की आता, किती दिवस?" असं म्हणू नका. बाहेरून तो नुसता बसलेला दिसतो. पण आत कुणीतरी कुणाचा तरी हात धरत असतं, अगदी सावकाश. धरू द्या त्यांना.