चुकीच्या उत्तराला चार मार्क

सातवीच्या विज्ञान चाचणीत विशालाक्षी मिसनं शेवटचा प्रश्न पुस्तकाबाहेरचा घातला. 'शाळेसमोरची चिंच एकेकाळी एक चिंचोका होती. आज ती तिघांच्या कवेत मावत नाही. तिचं एवढं लाकूड कशापासून बनलं? तुम्हाला असं का वाटतं?'

गदगजवळच्या या गावात विशालाक्षी त्याच वर्षी बदलून आली होती. मुलं हुशार होती. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी धडाधडा म्हणून दाखवत. पेपर तपासताना मात्र ती चक्रावली. जवळजवळ प्रत्येकानं आधी व्याख्या बिनचूक लिहिली होती आणि खाली उत्तर दिलं होतं, 'मातीपासून.'

एकटी रेणव्वा तळवार वेगळी होती. तिनं लिहिलं होतं, 'पुस्तक म्हणतं, हवा आणि पाण्यापासून. मला ते खोटं वाटतं. हवा हातात धरता येत नाही, तिचं लाकूड कसं होईल? मातीच असणार. पण खात्री करायची तर बादलीत माती तोलून घ्यावी, झाड वाढवावं आणि माती परत तोलावी. कमी भरली तर माझं खरं, नाहीतर पुस्तकाचं.'

विशालाक्षीनं तिला पाचांपैकी चार मार्क दिले. बाकीच्यांना एक.

पेपर वाटले तेव्हा वर्गात गलका झाला. कायम पहिला येणारा फकीरेश तरातरा टेबलापाशी आला. "मिस, माझी व्याख्या बरोबर आहे."

"अगदी बरोबर आहे. खाली काय लिहिलंयस?"

"मातीपासून."

"व्याख्येत माती कुठं आहे?"

फकीरेशनं मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "रेणव्वानंही मातीच लिहिलंय! तिला चार कसे?"

"तू पुस्तकाचं एक लिहिलंस, मनातलं दुसरं, आणि दोन्हींची गाठ पडते का ते पाहिलंच नाहीस. तिनं पाहिलं. वर कोण खरं ते ठरवायचं कसं, हेही सांगितलं."

दुपारी मुख्याध्यापक कोट्रेश सरांनी तिला बोलावलं. समोर मार्कांचा तक्ता होता. "मॅडम, मुलं एका फटक्यात खाली आलीत. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू? आणि चुकीच्या उत्तराला चार मार्क? उद्या पालक माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतील."

"सर, आधीचे मार्क पाठांतराचे होते. मुलांना काय कळलं ते मला आत्ता दिसलं."

"दिसलं ना? मग तुमच्यापाशी ठेवा. तक्त्यात जरा वाढवून घाला."

"तक्ता बदलणार नाही, सर. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. मी उत्तर देईन." तिनं तिथंच तक्त्यावर सही केली. सरांनी तक्ता ओढून घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमची जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, "रेणव्वाची परीक्षा आपण खरोखर करू."

रेणव्वाच्या मामाचं किराणा दुकान होतं. त्याचा जुना तराजू आला. एका पारड्यात उन्हात वाळवलेली काळी माती, दुसऱ्यात ओढ्यातले गोटे. काटा मधोमध आल्यावर फकीरेशनं ते गोटे पोत्यात भरले, तोंड शिवलं आणि गाठीवर लाख लावली. "ही मधेच गोटे बदलायची," तो म्हणाला.

"तूच बस राखणीला," रेणव्वा म्हणाली. "एरवी तरी काय करतोस? पाठच करतोस ना!"

तोललेली माती बादलीत भरून तिच्यात सूर्यफुलाचं बी पेरलं. रोप गुडघ्याएवढं झालं आणि एका दुपारी कुणाची तरी शेळी आत शिरली. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत सगळं फस्त. वर्ग हसला. रेणव्वा हसली नाही, रडलीही नाही. माती न सांडता तिनं बुडखा उपटला, मुळं बादलीतच झटकली, दुसरं बी पेरलं आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. तिचे हात ओरबाडलेले पाहून विशालाक्षी म्हणाली, "अगं, आम्हाला सांगायचं होतंस."

"मिस, हरले तर माझ्या मातीनं हरेन. शेळीमुळं नाही."

फूल डोईवर गेलं, बी भरलं. मग झाड मुळांसकट काढलं, माती पुन्हा कडकडीत वाळवली आणि तराजू टांगला. कोट्रेश सरही दारात येऊन उभे राहिले. फकीरेशनं लाख फोडून गोटे पारड्यात ठेवले. मातीचं पारडं किंचित वर राहिलं. मूठभर माती टाकली आणि काटा मधोमध आला.

रेणव्वा त्या पारड्याकडे बघतच राहिली. एवढं मोठं झाड, आणि गेली ती फक्त मूठभर माती.

"हरलीस," फकीरेश म्हणाला. पण लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. "थांबा, मिस. रोज पाणी घातलं ते कुठं तोललं? सगळं झाड पाणीच असेल तर?"

विशालाक्षीला फार आनंद झाला. या मुलानं आजवर मार्कांखेरीज कशाबद्दलही प्रश्न विचारला नव्हता. "कसं शोधशील?"

"वाळवू," फकीरेश आणि रेणव्वा एकदमच म्हणाले.

झाड वाळवलं. हलकं झालं, तरी गेलेल्या मातीच्या कितीतरी पट भरलं. मग रेणव्वाच म्हणाली, "जाळून बघू." पत्र्यावर ते पेटलं, धूर वर गेला आणि मागे करडी राख उरली. तिनं ती ओंजळीत गोळा केली.

"मातीतून आलेलं एवढंच असेल," ती हळू म्हणाली. "बाकी सगळं ज्या हवेतून आलं, तिच्यातच गेलं."

"त्यात पाण्याचाही वाटा आहे," विशालाक्षी म्हणाली. "आणि मूठभर मातीतली थोडी मुळांना चिकटली असेल, थोडी सांडलीही असेल. पण मूळ गोष्ट तू पकडलीस."

हे सगळं पाहत उभे असलेले कोट्रेश सर तिथून थेट आठवीच्या वर्गात गेले. गेल्या वर्षी हाच धडा शिकलेल्या मुलांना त्यांनी चिंचेचा प्रश्न विचारला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मातीपासून, सर!"

संध्याकाळी ते विशालाक्षीला म्हणाले, "वार्षिकची विज्ञानाची प्रश्नपत्रिका तुम्हीच काढा. आठवीचीसुद्धा."

"मार्क कमी पडतील, सर."

"पडू देत. पालकांशी मी बोलेन."

मार्क कमी पडलेच. दोघे-तिघे पालक भांडायला आले, त्यांच्याशी सर खरंच बोलले. सातवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी मात्र या वेळी कारणासकट उत्तरं लिहिली होती. उरलेल्यांना विशालाक्षीनं सुट्टीच्या आधी थांबवून घेतलं. प्रत्येकाला एक बादली दिली आणि म्हणाली, "तुम्हाला अजून पटलेलं नाही ना? मग चला, माती वाळवायला घ्या."