नुरुद्दीनच्या नावावरचे वाक्य

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी चेपलेली आहे आणि मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. गणपत शिपायाने मला कणकवलीच्या एका दुकानातून विकत घेतले, एसटीत मांडीवर धरले आणि समुद्राकाठच्या आमच्या सरकारी सभागृहात आणून उभे केले. त्याला आता अठरा वर्षे झाली. माझे काम सोपे होते. समोरच्या माणसाचा आवाज घ्यायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा.

मला डोळे नाहीत. मला कळतो तो श्वास. कोण घाबरले आहे, कोण पाठ केलेले म्हणतो आहे, हे मला पहिल्या शब्दाच्या आधीच समजते. शाळेच्या स्पर्धांमध्ये मुले मला दोन्ही हातांनी धरायची. "माईक झकास आसा हां," असे लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरे वाटे.

एका वर्षी खाडीच्या मुखाशी खासगी जेटी आणि भिंत बांधायची एका कंपनीची योजना आली. त्यावरच्या पहिल्याच सभेत बंदरावरचा नुरुद्दीन माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मला अगदी ओठांना लावले. त्याच्या श्वासात खोकला होता आणि तंबाखूचा वास होता.

"साहेब, माका भाषण येवचा नाय," तो म्हणाला. "भरतीक आमच्यो होड्यो त्याच तोंडातसून भितर येतत. थंय भिंत घातलास, तर आमी खंयसून येवचा?"

सभागृहात टाळ्या पडल्या. त्या खऱ्या टाळ्या होत्या, मित्रांनो. त्या एकदम सुरू होत नाहीत आणि एकदम थांबतही नाहीत.

त्याच दिवशी अगदी मागून एक मऊ आवाज आला, "सर, दोन मिनिटं मिळतील का?" तो विनीत होता, कंपनीचा सल्लागार. त्याने कधी कोणाला धमकावले नाही की आवाज चढवला नाही. सभा घेणाऱ्या साहेबांना वाचायला सोपी जावीत अशी टिपणे तो तयार करून आणी. "आपला वेळ वाचेल, सर," एवढेच म्हणे. पुढच्या वर्षी त्याचा आवाज पहिल्या रांगेतून येऊ लागला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी व्यासपीठावरून, साहेबांच्या शेजारून. मुंबईतही त्याची माणसे मोठ्या साहेबांसाठी अशीच टिपणे घेऊन बसतात, असे सिद्धेश कारकून कौतुकाने सांगे.

मग एक विचित्र गोष्ट घडू लागली. जानेवारीत एक पुढारी आला आणि माझ्यातून म्हणाला, "खाडीचे मुख म्हणजे तालुक्याच्या प्रगतीचा दरवाजा." फेब्रुवारीत पुण्याचे एक तज्ज्ञ आले. त्यांनीही तेच वाक्य म्हटले. मार्चमध्ये वरून आलेले एक अधिकारीही तेच म्हणाले. तिघांचे गळे वेगळे होते, पण 'मुख म्हणजे' या शब्दांनंतर तिघेही थांबले आणि तिघांनी सारखाच छोटा श्वास आत घेतला. तो श्वास मला ओळखीचा होता. विनीतचा होता तो. माझ्या तारेतून काहीतरी थंड सरकत गेले.

पुढच्या रमजानच्या आधी नुरुद्दीन वारला. त्यानंतर दोन महिन्यांनी शेवटच्या जनसुनावणीची नोटीस लागली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, विनीत आणि सिद्धेश सभागृहात आले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि गणपत मागे झाडू मारत होता. विनीतने मला चालू केले आणि कागद वाचायला लागला.

"श्री. परशुराम यांनी शंका विचारली. शंकेचे निरसन झाले. श्रीमती सुगंधा यांनी समाधान व्यक्त केले."

प्रत्येक नावानंतर तो थांबे. टाळ्या पडायला जेवढा वेळ लागतो, बरोब्बर तेवढाच. त्या रिकाम्या खुर्च्यांमधून काहीच येत नव्हते, आणि तरी तो वाट पाहत होता. उद्या जे बोलायचे होते, ते आज माझ्यातून बोलून होत होते.

"बंदरवाडीचे श्री. नुरुद्दीन यांनी उभे राहून सांगितले, 'भिंतीला माझी हरकत नाही. माझ्या मुलांना काम मिळेल.'"

मी तो आवाज घेतला, कारण मला नाही म्हणता येत नाही. त्यात ना खोकला होता, ना तंबाखू. मागे झाडूचा आवाज थांबला.

"साहेब, नुरुद्दीन वारलो मा?" गणपत म्हणाला.

"यादी वरून आली आहे, गणपत," सिद्धेश हळूच म्हणाला. "तू तुझं काम कर."

"माईक चांगला आहे," विनीत म्हणाला आणि त्याने मला बंद केले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरून गेले. नव्याने बदलून आलेल्या अधिकारी बाईंनी सभा सुरू केली. परशुराम बोलायला उठला आणि मी अचानक मुका झालो. कोणीतरी माझी तार ओढली होती. सिद्धेश म्हणाला, "बिघाड झाला आहे, माईकशिवायच बोला." मागच्या रांगांना काहीच ऐकू येईना.

तेव्हा गणपत उठला, खाली वाकला आणि त्याने माझी तार पुन्हा जोडली. इतकी वर्षे तो मला पुसत होता, पण माझ्यात कधी बोलला नव्हता. त्याचा श्वास थरथरत होता.

"बाईसाहेब, आजच्या सभेचो कागद कालच तयार झालो हा. मी माज्या कानान आयकलंय. त्या फायलीत आसा."

बाईंनी फाईल मागून घेतली. कागदांची सळसळ झाली. त्या वाचू लागल्या, आणि परशुराम, सुगंधा अशी ज्यांची नावे येत गेली, ते जागेवरूनच "नाय, नाय" म्हणू लागले. मग नुरुद्दीनचे वाक्य आले. त्याला कोणीच उत्तर दिले नाही.

जहिरा पुढे आली. ती नुरुद्दीनची मुलगी आणि मच्छीमार सोसायटीची सचिव.

"तो माजो बापूस," ती म्हणाली. "आमी तेका मातयेत ठेवलाव, बाई. तुमच्या कागदात तो उभो कसो रवलो?"

मी चालूच होतो, आणि कर्ण्यातून हळूहळू श्वास ऐकू येऊ लागला, मोठा आणि संथ. बायकांनी पदर ओढून घेतल्याची सळसळ झाली. तो समोर बसलेल्या दोनशे माणसांचा श्वास होता, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यात एकदा कोणीतरी खोकले.

बाईंनी सभा रद्द केली आणि फाईल सीलबंद केली. विनीतचा आवाज पुन्हा आला नाही. निवृत्तीला सात महिने राहिले असताना गणपतची लांबच्या कार्यालयात बदली झाली. वर्षभराने योजना नव्या नावाने परत आली. या वेळी जहिराने हट्टच धरला. प्रत्येकाचे बोलणे सर्वांसमोर हाताने लिहायचे, त्याला वाचून दाखवायचे, मगच सही. सभा सकाळी सुरू झाली ती दिवेलागणीला संपली. भिंतीचा निकाल अजून लागलेला नाही. होड्या अजून आत येतात.

आता सभागृहात नवा, बिनतारी माईक आला आहे. मी कपाटात असतो, माझ्या जाळीला बुरशी येते आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, एक विनंती करतो. सभेला जाल तेव्हा शेवटपर्यंत थांबा. तुमच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते वाचायला मागा. जे वारले, त्यांच्याही नावापुढचे वाचा. त्यांना ते मागता येत नाही.