गल्लीची उसनवारी

सुलोचनाबाईंनी विरजणाची रिकामी वाटी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने शेजारच्या शामच्या दाराची कडी वाजवायला गेल्या, तर कडीला कुलूप. आत मूल रडत होतं.

मूल आत आणि कुलूप बाहेर, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. शाम सकाळीच मिलमध्ये गेलेला असणार. तिथल्या टाइम ऑफिसात तो कारकून होता. पण त्याची बायको चारुलता कुठे जाणार? बाळंत होऊन तिला महिनाही झाला नव्हता. भुसावळकडची मुलगी, तिला आई नाही, त्यालाही नाही. बाळंतपण इथेच मल्हारगंजात झालं होतं. बारसं मात्र लांबतच चाललं होतं. तिला कमजोरी आहे, डॉक्टरांनी कोणाला भेटू नका म्हणून सांगितलंय, असं शाम ज्याला त्याला सांगत होता. सुलोचनाबाईंनी ते मान डोलावून ऐकून घेतलं होतं आणि त्यातल्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवला नव्हता.

त्या बोळातून बाजूच्या खिडकीशी गेल्या.

"चारू! अगं ए चारू! मी सुलोचनाकाकू."

बऱ्याच वेळाने खिडकीचं एक दार किलकिलं झालं. चारुलताचे केस विंचरलेले नव्हते, आणि डोळे असे की समोर कोण आहे हे त्यांना कळतंय की नाही अशी शंका यावी.

"बाळ रडून राहिलंय, काकू."

"ते मलाही ऐकू येतंय गं. घे ना त्याला."

"माझ्या हातात नको."

सुलोचनाबाईंचा पारा चढला. "शामनं कोंडून ठेवलंय ना तुला? येऊ दे त्याला घरी. बघतेच मी!"

"त्यांना काही बोलू नका." चारुलताने गज धरले. "मीच सांगितलं दोन्ही दारांना कुलूप लावायला. मागे आड आहे ना, काकू. दिवसभर तेच मनात येतं. बाळाला घेऊन..."

गल्लीत कोणाचं काही अडलं की सुलोचनाबाईंकडे तोंडपाठ उत्तर तयार असायचं. आज त्यांनी गजांतून आत पाहिलं, तर पाळण्याची दोरी दिसली.

"बरं. हातात नको तर नको. पाळण्याची दोरी तर धरशील? तू दोरी ओढ, मी इथून बोलते."

आणि त्या बोलत राहिल्या. नवरा बाळकृष्णपंत सरकारी दफ्तराबरोबर हिवाळाभर ग्वाल्हेरला गेलाय, म्हणजे मध्यभारत सरकारनं ऐन थंडीत बायकोपासून नवरा तोडलाय, हे सांगून झालं. मुलगा शरद जबलपूरला नोकरीला लागलाय आणि पत्र टाकायचं नाव घेत नाही, हेही झालं. सराफ्यातली रबडी, समोरच्या सरलाचा तिखट हात, नळाचं पाणी, जे सुचेल ते. आतला पाळणा करकरत होता तोवर त्यांना धीर होता. मूल झोपलं तेव्हा ऊन बोळात उतरलं होतं.

तिथून त्या थेट यशोधराबाईंकडे गेल्या. यशोधराबाई गल्लीतल्या सगळ्यांत वडील, सगळ्यांची मावशी. सुनांच्या भांडणात न पडता सुना नांदवलेली बाई. समोरच्या सरलालाही सुलोचनाबाईंनी हाक मारून घेतलं आणि दार लावून सगळं सांगितलं. वाटलं होतं, दोघी घाबरतील, नाहीतर बाहेरचं काही लागलं असेल म्हणतील. तसं काही झालं नाही.

"तिला एकटी ठेवायची नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण मदतीला आलो असं म्हटलं, तर तो पोरगा दारात उभं करायचा नाही. त्यापेक्षा काहीतरी मागायला जायचं."

"सकाळी तू विरजण माग," यशोधराबाई लगेच म्हणाल्या. "दुपारी मी चटणी वाटायला जाईन. माझा पाटा गुळगुळीत झालाय, टाकी लावायची राहिलीय म्हणेन. सरला, तू चार वाजता चाळणी माग. आणि मागितलेलं हातोहात परत न्यायचं नाही, म्हणजे परत जायला निमित्त राहतं."

म्हातारीला हे इतकं पटकन कसं सुचलं, याचं सुलोचनाबाईंना कौतुक वाटलं. पण कल्पना मुळात आपली, हे त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

संध्याकाळी मिलचा भोंगा झाला आणि शाम गल्लीत शिरला, तेव्हा त्या त्याच्या ओट्यावर बसलेल्या होत्या.

"उद्यापासून कुलूप नको," त्यांनी एकदम सांगून टाकलं.

शामचा चेहरा पडला. "काकू, तुम्हाला माहीत नाही..."

"सगळं माहीत आहे."

तो डबा खाली ठेवून पायरीवर बसला. "बेटम्याहून मंतरलेला दोरा आणून बांधला. वैद्याचा काढा झाला. कामावर बसलो तरी ध्यान इकडेच. सुट्टी मागितली तर साहेब कारण विचारतो. काय सांगू? बायको पागल झाली म्हणू? एकदा ठप्पा लागला की जन्माचा. कोणाकडे जाऊ, तुम्हीच सांगा ना."

"भिंतीपलीकडे यायचं होतं, भिया!" त्यांचा आवाज चढला आणि मग त्याचा चेहरा पाहून उतरला. "दोरा राहू दे, दोऱ्यानं काही बिघडत नाही. परवा माझ्या ओळखीच्या लेडी डॉक्टरकडे जाऊ, आपण तिघं. आणि ती आता एकटी राहणारच नाही."

"बोभाटा होईल, काकू."

"बायका विरजण मागायला येतील, त्यात कसला बोभाटा? या गल्लीत विरजणाला कोणी नाही म्हणत नाही."

लेडी डॉक्टर कमी बोलणारी होती. हे वेड नाही, बाळंतपणानंतर काहींना होतं, असं तिने स्पष्ट सांगितलं. झोपेचं औषध दिलं, पोटभर खायला घाला म्हणाली, आणि एकटी ठेवू नका हे पुन्हा पुन्हा बजावलं. सुलोचनाबाईंनी शामकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरीण त्यांनाच विचारून बोलत होती.

मग त्या घरावर मागणाऱ्यांची रीघ लागली. कोणी किसणी मागायला यायची, कोणी परात. चटणी वाटता वाटता यशोधराबाई बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या. सरला चाळणी मागायला येऊन तास न् तास बसायची आणि चाळणी विसरून जायची. भांडं रिकामं परत करायचं नाही ही गल्लीची रीत, त्यामुळे वाटी गेली की खिरीने भरून परत यायची, डबा गेला तर आळिवाच्या लाडवांनी. शाम बिचारा सरळ माणूस. त्याला ही रीत कोण सांगणार? लाडू पाहून तो डबा घेऊन सरलाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचे लाडू आमच्या डब्यात राहून गेले होते." सरला हसून हसून खाली बसली. सुलोचनाबाईंनी त्याला तिथूनच पिटाळलं. त्या दिवशी चारुलता हसली, असं यशोधराबाईंनी शपथेवर सांगितलं.

पण सगळं असं सरळ झालं नाही. कधी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, कोणाशी बोलायची नाही. एकदा तिने सरलाला, बाळाला तुमच्याकडेच ठेवून घ्या, असं शांतपणे म्हटलं, तेव्हा सरला घरी येऊन रडली. सुलोचनाबाईंनी तिला पाणी दिलं, स्वतः तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा शामच्या दारात जाऊन परात मागितली.

संक्रांतीच्या सुमाराला बाळकृष्णपंत न कळवता ग्वाल्हेरहून आले. चहा, आंघोळीचं पाणी, त्यांच्या गप्पा, यात सुलोचनाबाईंची सकाळ गेली. दुपारी मावशी आहेतच, म्हणून त्या निश्चिंत होत्या. ताटं वाढून झाल्यावर त्या मागच्या दारी आल्या, तर यशोधराबाईंच्या घरातून त्यांच्याच खोकल्याचा आवाज. म्हणजे म्हातारी आजारी, चारूकडे गेलेलीच नाही. आणि सरला तर सकाळीच माहेरी वाण द्यायला गेलेली.

हातातली पळी कुठे पडली हे त्यांना कळलं नाही. शामचं दार सताड उघडं होतं. पाळणा रिकामा.

त्या मागच्या अंगणात धावल्या. आडाच्या काठावर दोन्ही हात टेकून खाली वाकल्या. पाणी काळं आणि स्थिर होतं. त्यात त्यांचाच चेहरा दिसला. "चारू!" त्यांनी आत हाक मारली. आवाज घुमून वर आला.

"काकू, काय झालं?"

आवाज भिंतीपलीकडून आला होता. यशोधराबाईंच्या पडवीतून.

सुलोचनाबाई धावत तिथे पोचल्या. यशोधराबाई शालीत गुरफटून चटईवर बसल्या होत्या. शेजारी चारुलता, आणि बाळ तिच्या मांडीवर. तिच्या स्वतःच्या मांडीवर.

"आज कोणी आलंच नाही," चारुलता म्हणाली. "मला एकदम भीती वाटायला लागली. मग म्हटलं, मीच जाते. हे रडत होतं, त्याला कसं सोडून येणार?"

सुलोचनाबाई उंबऱ्यावरच बसल्या. रागवायचं होतं, पण रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चारुलता त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली,

"मावशी, असं आणखी कोणाला झालं होतं का हो? की मीच अशी निघाले?"

"झालं होतं ना," यशोधराबाई खोकत म्हणाल्या. "याच गल्लीत. होळकरांच्या राज्यात."

"कोणाला?" सुलोचनाबाईंनी डोळे पुसत विचारलं. गल्लीत काही घडावं आणि ते आपल्याला ठाऊक नसावं, हा त्यांना अपमानच वाटे.

"होती एक पहिलटकरीण. मुलाचं तोंड बघायची नाही. आम्ही बायका आळीपाळीनं जायचो. कधी सोऱ्या माग, कधी खलबत्ता माग. फार वैतागली होती ती आम्हाला. नवऱ्याला म्हणाली, कुठल्या भिकारगल्लीत आणलंत मला, कोणाच्या घरात एक भांडं म्हणून नाही!"

सुलोचनाबाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या.

ते वाक्य त्यांचं होतं. बाळकृष्णपंतांना त्यांनी ते मागच्या खोलीत म्हटलं होतं, रागाने. शरदच्या जन्मानंतरच्या त्या दिवसांतलं त्यांना एवढंच आठवत होतं: दारात सारखं कोणीतरी उभं, आणि काही ना काही मागतंय. शरद तेव्हा कसा दिसायचा, हे आठवत नव्हतं. आपलं घर भरलेलं म्हणून गल्ली मागायला येत होती, असंच त्या आजवर समजत आल्या होत्या.

"मग ती बरी झाली?" चारुलताने विचारलं.

"बरी?" यशोधराबाईंना हसण्याने पुन्हा खोकला आला. "अगं, आता तिला आवरता आवरता गल्लीच्या नाकी नऊ येतात."

सुलोचनाबाई आपल्या तळहातांकडे पाहत होत्या. त्यांना आडाच्या काठाचं शेवाळ लागलं होतं.

"मावशी," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "किती दिवस येत होतात तुम्ही सगळ्या?"

"शरद रांगायला लागला तोवर."

चारुलताने सुलोचनाबाईंकडे पाहिलं. मग बाळाला मांडीवर नीट घेतलं, थोडी सरकली आणि आपल्या शेजारच्या चटईवरून हात फिरवला.

"काकू," ती म्हणाली, "अशा उंबऱ्यावर नका बसू. इथं या ना, माझ्याजवळ."