नांदेडला न गेलेली प्रत

काठोकाठ भरलेलं पिंप.

शुक्रवार.

उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा.

तोंड उघडं ठेवलेला नळ.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. वरचं सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे.

लातूरचे रेवणप्पा बोअर मारण्याचा धंदा करतात. कोणत्या शिवारात किती फुटांवर पाणी लागलं, याच्या नोंदी, त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या काळापासूनच्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. त्यांची दुसरी प्रत हवी, असं ऑफिस सांभाळणाऱ्या विनीताताई म्हणाल्या. प्रत टेपवर घ्यावी, तर टेप स्वस्त, पण ती वाचणारं यंत्र महाग. इंटरनेटवर ठेवावं, तर वीज सहा-सहा तास गायब.

"मोठी डिस्कच घ्या," रेवणप्पा म्हणाले. "उदगीर जिल्हा झाला की कामं वाढतील."

अशी मी आले. मला हळदीकुंकू लागलं.

"अप्पा, हिला आपल्या नांदेडच्या ऑफिसात ठेवा. दोन्ही प्रती एका छताखाली नकोत."

"धाडू की."

पण ऑफिसची नांदेडची गाडी फक्त शुक्रवारी जाई.

"शुक्रवारी लक्ष्मी बाहेर काढतेत का, ताई?"

"ही लक्ष्मी आहे?"

"मग कुंकू कशाला लावलं?"

विनीताताई हसल्या. मला ना हसता येत होतं, ना ओरडता. तीन वर्षं मी कॉम्प्युटरशेजारीच राहिले.

मग दोन हजार सोळाचा दुष्काळ. नळाला पाणी कधी येईल, नेम नव्हता. थेंबही वाया जाऊ नये म्हणून माळ्यावरच्या पिंपात नळी सोडून नळ उघडाच ठेवला होता. पाणी आलं रविवारी, ऑफिसला कुलूप असताना. पिंप भरलं, वाहिलं. आधी कॉम्प्युटर भिजला. मी बघत होते. मग मी.

सोमवारी रेणापूरकडच्या सरपंच कस्तुराबाई आल्या.

"अप्पा, तुमच्या वडलांनी आमच्या शिवारात बोअर मारलेला. पानी लागलं, पर वीज नव्हती म्हनून दगडानं झाकला. आता तो बुजला असंल, जागा बी कुनालाच आठवत न्हाई. त्याच्याच शेजारी मारायचाय. मशीन उद्या येनार हाय. गावाला एकच बोअर झेपतोय."

रेवणप्पांनी मला पुसून जोडलं. मी जीव खाऊन तबकडी फिरवायला गेले. नुसती टकटक झाली.

"अक्का, अंदाजानं सांगू का?"

"अंदाज आमच्याकडं बी लई हाय."

मंगळवारी अंदाजाच्याच जागी मशीन पाचशे फूट खाली गेलं. वर नुसता फुफाटा आला.

मित्रांनो, दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. वार बघू नका.

ती नोंद दोन हजार तीन सालची होती: ओढ्यापलीकडे, दोन बाभळींच्या मध्ये, दोनशे दहा फूट, पाणी गोड.