उंच दार

आम्ही रस्त्यावर मूकनाट्य करतो, पण आमचे दिग्दर्शक दिवसभर बोलत असतात. म्हणून त्यांना सगळे मौनीबाबा म्हणतात. घर सोडून परक्या शहरात आलेल्या माणसांवर नाटक बसवायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द नाहीत, तर अंगात मुरलेली आठवण हवी. आपापल्या घरात शोधा."

मला शोधावं लागलंच नाही. आमच्या जुन्या घराची चौकट बुटकी होती आणि बाबांचा सगळा जन्म तिच्याखाली वाकण्यात गेला. ते घर सुटून कितीतरी वर्षं झाली. इथल्या फ्लॅटच्या दारातून आमचं कपाट आडवं न करता आत आलं, तरी बाबा दारात मान खाली घालतातच. बँकेत, दवाखान्यात, लिफ्टमध्येसुद्धा. घरात कुणी त्यांना कधी टोकलं नाही.

मी ते वाकणं उचललं, न विचारता. "तुझं काम काय गं नाटकात?" बाबांनी एकदा सहज विचारलं. "एक म्हातारा आहे," म्हणत मी विषय बदलला. चोराच्या मनात चांदणं.

दोघं जण लाकडी पट्ट्यांची चौकट धरून उभे राहायचे आणि मी तिच्यातून वाकून जायचे. पहिल्या प्रयोगाला लोक नुसते हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. मला तेवढं पुरेना. मग मी वाकताना बाबांसारखा टाळूवर हात ठेवायला लागले, डोळे मिचकावायला लागले. शेवटी चौकटवाले निघून जायचे आणि म्हातारा मोकळ्या रस्त्यातही वाकत राहायचा. तिथे लोक पोट धरधरून हसायचे. मौनीबाबा म्हणाले, "ह्याला म्हणतात करुणा." मीही मान डोलावली.

त्या रविवारी बसस्टँडच्या कोपऱ्यावर प्रयोग होता. मध्येच पहिल्या रांगेत बाबा दिसले. मला चकित करायला वहिनी त्यांना घेऊन आली होती. मी ते वाकणं गाळू शकले असते. पण गर्दी रंगात आली होती, आणि मी काहीही गाळलं नाही. उलट आणखी खोल वाकले.

बाबा शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून हसत होते. मी मोकळ्या रस्त्यात टाळूवर हात ठेवून वाकले, तेव्हा त्यांचाही हात आपसूक टाळूकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला. शेवटी टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छान केलंस," वाटेत ते एवढंच म्हणाले.

वहिनीने कुलूप काढलं. गर्दी किती होती हे सांगत ती आत गेली. बाबा उंबऱ्याशी थांबले. त्यांनी वर चौकटीकडे पाहिलं आणि ताठ मानेने आत गेले.

मी बाहेरच उभी होते. माफी मागायची होती. कानामागे अजून प्रयोगाचा पांढरा रंग होता. शेवटी मी मान खाली घातली, त्यांच्यासारखीच, आणि वाकून आत आले.

बाबा चपला काढत होते. त्यांनी पाहिलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "दार उंच आहे."