कुंकवाचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. हवेलीच्या बागेतल्या विहिरीच्या तोंडावर माझे सगळे आयुष्य गेले. आज मी तिथे नाही. बागेच्या भिंतीजवळ एका पेरूच्या झाडाला टेकून उभी आहे आणि इथून त्या विहिरीकडे पाहत असते. मी तिथून इथे कशी आले, ते तुम्हाला सांगते. ते ऐकताना तुम्हाला थोडी भीती वाटेल, कारण सांगताना मलाही वाटते.

आमची हवेली दारव्ह्याकडच्या एका गावाच्या बाहेर आहे. कापसाच्या व्यापारात नाव मिळवलेल्या एका सेठजींनी ती बांधली. दोन मजले, सागवानी खांब, रंगीत काचांच्या खिडक्या आणि मागे मोठी बाग. बागेत दगडी पाट आहेत. त्यांतून पूर्वी पाणी खेळत जायचे, मोगऱ्याला, गुलाबाला, संत्र्याच्या झाडांना. ते सगळे पाणी एका विहिरीचे. विहिरीचे तोंड फार मोठे नाही आणि काठही गुडघ्याएवढाच. पण ती इतकी खोल आहे, की भर दुपारीसुद्धा तळ दिसत नाही.

माझा जन्मच एका भीतीतून झाला. एकदा एक वासरू चरता चरता त्या विहिरीत पडले. त्याला वाचवता आले नाही. त्या वेळच्या सेठाणी रत्नप्रभाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आज वासरू गेले, उद्या एखादे लेकरू जाईल, असे त्या सारखे म्हणत राहिल्या. मग पुसदहून फकिरा नावाच्या लोहाराला बोलावणे गेले. त्याने बागेतच भट्टी पेटवली, पट्ट्या तापवल्या, ठोकल्या, एकीत एक गुंतवून जोडल्या. माझ्या चार कोपऱ्यांना चार जाड पाय दिले आणि ते काठाच्या दगडात पक्के बसवले. मग तो स्वतः माझ्या मधोमध उभा राहिला आणि दोनदा जोरात उडी मारली. मी हूं की चूं केले नाही. रत्नप्रभाबाई तेव्हा कुठे हसल्या.

त्यानंतरची वर्षे फार सुखाची गेली. उन्हाळ्यात माझ्यावर धोतर पसरून बायका कुरड्या वाळत घालत. हवेलीतली मुले माझ्यावर पालथी झोपून विहिरीत आपले नाव हाकारत, आणि खालून तेच नाव घुमत वर आले, की खूश होत. माझ्या पट्ट्यांमधून किती नावे खाली गेली आणि वर आली! कोणतेही लेकरू मात्र खाली गेले नाही. माझे काम तेवढेच होते आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या भागात बाळंतीण सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडते, ती विहीर पूजायला. गावातल्या बाळंतिणी आमच्याच विहिरीवर येत. पूर्वेकडच्या माझ्या कोपऱ्यावर त्या तांब्याभर पाणी घालत, हळद-कुंकू वाहत, नारळ फोडत आणि बाळाचे कपाळ हळूच माझ्या पट्टीला टेकवत. त्या मऊ, कोवळ्या कपाळाचा स्पर्श मी कधीच विसरणार नाही. पुढे पुढे तो कोपरा देवाचाच झाला. येता-जाता कोणीही तिथे हात जोडू लागले.

नंतर पाण्याची मोटार आली, नळ आले. हवेलीतली माणसे नागपूर-पुण्याला गेली. बरीच वर्षे बागेला कुलूप होते. त्या काळात माझ्याकडे कोणी पाहिले नाही. अलीकडे त्याच घराण्यातले नंदकिशोरजी परत आले. त्यांनी हवेली दुरुस्त केली, बाग पुन्हा फुलवली आणि लोकांना पाहायला खुली केली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. बागेची देखरेख करायला बसंतीबाई आल्या. त्या रोज सकाळी माझ्या पूर्वेच्या कोपऱ्यावर पाणी घालत, चिमूटभर कुंकू आणि जास्वंदीचे एक फूल वाहत. मगच त्यांचे खुरपे मातीला लागे.

दर दिवाळीआधी मला चंदेरी रंग देत. रंगवणारा माणूस आधी माझा गंज खरवडायचा, मग ब्रश फिरवायचा. पूर्वेच्या कोपऱ्याजवळ आला, की तो चपला काढायचा, नमस्कार करायचा आणि तो कोपरा तसाच सोडून द्यायचा. देवाची जागा कशी खरवडायची? खरवड, असे त्याला कोणी सांगितलेही नाही.

मित्रांनो, लोखंडाचे दुखणे तुम्हाला ठाऊक आहे. पाणी साचले, की ते आतून खाऊ लागते. माझे तीन पाय दर वर्षी खरवडले गेले, रंगले आणि धडधाकट राहिले. चौथ्यावर रोज पाणी पडले आणि कोणी त्याला हात लावला नाही. तो सुटत गेला, पापडासारखा. त्याच्यावर तांबूस थर जमला. येणारे-जाणारे तो थर पाहत आणि म्हणत, किती वर्षांचे कुंकू आहे! तो गंज आहे, हे मला एकटीलाच माहीत होते.

गेल्या पावसाळ्यानंतर तर माझ्यावर एखादा होला पक्षी येऊन बसला, तरी मी करकरायची. ती करकर म्हणजे माझे ओरडणे होते. दुसरे काही मला येत नव्हते. पण मुलांना तो आवाज आवडे. आवाज ऐकायला ती माझ्यावर मुद्दाम उड्या मारत. प्रत्येक सहल आली, की मी धास्तावायची आणि फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत मला चैन पडायचे नाही. त्यातून प्रत्येक शाळेचा एक फोटो माझ्यावरच निघायचा. मुले जाळीवर आणि मागे हवेली, हे दृश्य नंदकिशोरजींचे फार आवडते होते.

त्या दिवशी फुलसावंगीहून सहल आली. सोबत साधना मॅडम होत्या. मुले पहाटे निघालेली, तरी त्यांच्या अंगात दम होता. त्यांच्यात सलोनी नावाची एक मुलगी होती. तिने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती आणि निकाल तोंडावर आला होता. म्हणून दिसेल त्या देवाचे कुंकू ती कपाळाला लावत सुटली होती. दारावरचा गणपती झाला, तुळस झाली, वडाखालचा शेंदूर लावलेला दगडही झाला. तिच्या वर्गातला पिंटू तिच्या मागेच होता.

"सलोने, कपाळ भरलं तुझं," तो म्हणाला. "आता बाकीचे देव गालाले लाव."

"तुले कायले पाहिजे? तू तर परीक्षेलेच नोता बसला."

"म्हणूनच तर मले टेन्शन नाही."

सगळी हसली. साधना मॅडमही हसल्या आणि मुलांना घेऊन माझ्याकडे आल्या. 

नंदकिशोरजींनी नेहमीप्रमाणे माझी ओळख करून दिली. "ही जाळी पाहा. जुन्या काळचं लोखंड आहे. हत्ती उभा केला तरी हलायची नाही." त्यांना खरेच तसे वाटत होते. त्यांनी लहानपणी माझ्यावर उड्या मारल्या होत्या, आणि तेव्हा ते खरेही होते.

मुले काठावर चढली आणि माझ्यावर आली. पुढची बसली, मागची उभी राहिली. पिंटूने एक उडी मारली. मी करकरले. त्याने पुन्हा मारली. मी अजून जोरात करकरले, माझ्यात होती नव्हती तेवढी शक्ती लावून, आणि मुले खिदळू लागली. मॅडम मोबाईल घेऊन मागे मागे जात होत्या. हवेलीचा वरचा मजला चौकटीत येत नव्हता. "अजून जवळ जवळ व्हा," त्या म्हणाल्या. "पूर्वेकडे सरका, तिकडे सावली नाही."

मुले पूर्वेकडे सरकली. सगळा भार माझ्या चौथ्या पायाकडे आला. आत काहीतरी बारीक तुटल्याचे मला जाणवले. मित्रांनो, त्या क्षणी मला ते वासरू आठवले.

आणि तेव्हाच सलोनी खाली वाकली. हा देव तिचा लावायचा राहिला होता. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि ते कपाळाला टेकवले. मग ती थबकली. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली.

"सलोनी, वर बघ. फोटो काढायचा आहे," मॅडम म्हणाल्या.

सलोनीने पुन्हा कोपऱ्यावरून बोट फिरवले. या वेळी नखाएवढा एक पापुद्रा सुटून तिच्या हातात आला.

"मॅडम, हे कुंकू नाही," ती म्हणाली. "टोचून राह्यलं."

"देवालेही कटाळा आला इचा," पिंटू म्हणाला. पुन्हा हशा पिकला. मॅडम जरा चिडल्या. एका मुलीसाठी सगळ्यांना उन्हात उभे ठेवायचे का, असे त्या म्हणाल्या. पण सलोनी उठेना. तो पापुद्रा तळहातावर धरून ती तशीच वाकून बसली, आणि फोटो काही निघेना.

बसंतीबाई गुलाबाच्या वाफ्यात होत्या. कुंकू नाही, हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि त्यांना ते आवडले नाही. रोज सकाळी कुंकू त्याच वाहत होत्या. त्या खुरपे हातात घेऊनच आल्या. "काहून वं माय, कुंकू नाही तं काय हाय ते?" असे म्हणत त्यांनी काठाबाहेरूनच कोपऱ्यावर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण त्यांनी आरडाओरड केली नाही. एवढी पोरे एकदम पळाली तर काय होईल, हे त्यांना त्या एका क्षणात समजले असावे. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोट्टेहो, आता एकेक करून उतरा. धावू नका. आधी हे पोरगी."

त्या आवाजात असे काही होते, की कोणी प्रश्न विचारला नाही. सलोनी उतरली. तिच्या मागून एकेक मूल उतरू लागले. मॅडमनी मोबाईल गवतावर टाकून दिला आणि त्या काठाशी उभ्या राहून एकेकाचा दंड धरून खाली घेऊ लागल्या. प्रत्येक पावलाला मी करकरत होते, आणि आता कोणी हसत नव्हते. मी माझे उरलेले तीन पाय दगडात रोवून धरले होते. अजून थोडे, अजून थोडे, एवढेच मी स्वतःला सांगत होते.

शेवटी पिंटू राहिला. मघाशी उड्या मारणारा तो मुलगा आता हलेना. पट्ट्यांमधून त्याला खालचा काळोख दिसत होता.

"खाली नको पाहू, राजा," बसंतीबाई म्हणाल्या. "माह्याकडे पाह्य. पाय घासत घासत ये."

तो आला. एक पाऊल, मग दुसरे. मॅडमचा हात त्याच्या हाताला लागला आणि त्यांनी त्याला इतके जोरात ओढले, की दोघेही गवतावर पडले.

मग बसंतीबाईंनी खुरप्याच्या दांड्याने माझ्या कोपऱ्यावर एक ठोका मारला. फार जोरात नाही, नारळ वाजवून बघतात तसा. माझा चौथा पाय मोडला. मी एका बाजूने खाली कलंडले आणि तुटलेला तुकडा विहिरीत गेला. सगळे कान देऊन उभे राहिले. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग फार खालून पाण्याचा आवाज आला.

साधना मॅडमनी मुले मोजली. मग पुन्हा मोजली. नंदकिशोरजी दगडी बाकावर बसले होते. "तो कोपराही खरवड, असं रंगवणाऱ्याला मीच सांगायला हवं होतं," ते पुटपुटले. "मी काहीच सांगितलं नाही. पाहिलंच नाही कधी."

बसंतीबाई माझ्याजवळ बसल्या. "रोज पानी मीच घातलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मी तिची सेवा करून राह्यली."

मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. ज्या हातांनी माझ्यावर फूल ठेवले, त्यांच्यावर रागवायचे कसे? पण तेव्हा मला बोलता आले असते, तर मी एवढेच म्हटले असते, की बाई, फूल नसते तरी चालले असते. एकदा बोट फिरवायला हवे होते.

त्याच संध्याकाळी विहिरीवर फळ्या टाकून भोवती बाभळीचे काटे लावले. पुढे पुसदहून नवी जाळी आली. मला काढून या पेरूखाली आणले. भंगारात देऊ नका, असे बसंतीबाईंनी नंदकिशोरजींना सांगितले, म्हणून माझ्यावर कृष्णकमळाचा वेल चढवला आहे. वेलाचा भार काही फार नसतो. तो मला पेलतो.

तरी माझी काळजी सुटलेली नाही. नवी जाळी बसल्यावर काही दिवसांनी गावातली एक बाळंतीण विहीर पूजायला आली. बाळ आपल्या आईच्या कडेवर देऊन तिने तांब्या उचलला आणि तो नव्या जाळीच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर तिरपा केला. माझा जीव वर-खाली झाला. पण बसंतीबाईंनी धावत जाऊन तिचा हात धरला आणि काठाच्या दगडाकडे वळवला. "इथं घाल माय," त्या म्हणाल्या. "दगडाले पानी सोसते." मग त्यांनी पदराने नव्या जाळीचे चारही कोपरे पुसले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला. आता त्या रोज तसेच करतात.

तुमच्या शाळेत, गावात, घरातही माझ्यासारखे कितीतरी जण असतील. झोपाळ्याच्या कड्या, जिन्याचे कठडे, मैदानातल्या घसरगुंड्या. त्यांना बोलता येत नाही, फक्त करकरता येते. ती करकर ऐकून उडी मारू नका. खाली वाका आणि पाहा. ज्या जागेला तुम्ही हात जोडता, तिथे तर आधी पाहा.

सलोनीच्या निकालाचे काय झाले, ते मला कळले नाही. ती गाडीत बसायला निघाली, तेव्हा मॅडमनी तिला ओला रुमाल दिला आणि कपाळ पुसायला सांगितले. तिने गणपतीचे पुसले, तुळशीचे पुसले, शेंदूरही पुसला. माझ्या गंजाचे बोट मात्र तिने तसेच राहू दिले.